खोटा ठरलेला भंडारा

बेंबळी, १८ जुलै १९६०

ती. गोपाळदादा यांस,
चारूचा नमस्कार.

वर्तमानपत्रात तुमचं भाषण आलंय. वर ठळक मथळा, ‘कुळांचे वकील विधानसभेत कडाडले’. तुम्ही कडाडलात हे वाचून मला हसूच आलं. लहानपणी आमच्या आईनं नुसते डोळे वटारले तरी तुम्ही माडीवर पळायचात. बावन्न साली हैदराबादच्या विधानसभेत, सत्तावन्नला मुंबई राज्याच्या आणि आता मे महिन्यापासून महाराष्ट्राच्या. माणूस एकच, राज्य तेवढं बदलतं.

इथलं म्हणाल तर मुलींच्या शाळेत पोरी एकोणचाळीस आणि शिकवायला मी एकटी. तुळजापूरला आई एकटी आहे. तिला हल्ली दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. बदलीचा माझा अर्ज तीन वर्षं कुठल्या टेबलावर पेंगतोय देव जाणे. तुम्ही शब्द टाका असं म्हणत नाही, नुसतं कळवते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या महिन्यात एका बुधवारी धनगरवस्तीवरची अयोध्या शाळेत आली. तिची पोर माझ्याकडे दुसरीत आहे. पदराखालून तिनं एक फडकं काढलं, त्यात कागद. म्हणाली, “बाई, तुमाला उर्दू येती म्हणं. ह्ये वाचून दावा.” कागद तिच्या सासऱ्याचे, धुळाप्पाचे. तुम्हाला आठवत असेल. नारायणरावांच्या माळाकडच्या सात एकरांचं ते कूळ, आणि तुम्ही त्याचे वकील. त्रेपन्न साली तो हरला. संरक्षित कूळ म्हणून नाव लागायला एक जानेवारी अठ्ठेचाळीसच्या आधीची सलग सहा वर्षं कसणूक हवी होती, ती त्याची भरली नाही, असा निकाल झाला.

मी कागद वाचले. नारायणरावांनी जमीन कसायला दिल्याचा मूळ कौल उर्दूत आहे. तारीख पंधरा दै, तेराशे एक्कावन्न फसली. त्याला जोडलेलं मराठी भाषांतर, म्हणजे तुमचा तो तरजुमा आहे, त्यात तारीख नोव्हेंबर एकोणीसशे बेचाळीस. आता मी निजामाच्या शाळेत शिकलेली. मौलवीसाहेबांनी छडी मारून पाठ करून घेतलं होतं, की फसली साल ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून आझूर आणि दै या पहिल्या महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, आणि जानेवारी लागला की पाचशे एक्क्याण्णव. या हिशेबानं दै तेराशे एक्कावन्न म्हणजे नोव्हेंबर एक्केचाळीस. बेचाळीस नव्हे. मग धुळाप्पाची सहा वर्षं भरून वर सहा आठवडे उरतात की.

माझंच काही चुकत असेल. उर्दू कागदांत अख्ख्या जिल्ह्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही. माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणजे बाईला सांगून मोकळी होते. ती दर शनिवारी येऊन शाळेच्या उंबऱ्याशी बसते.

आपली,
चारू

मुंबई, ५ ऑगस्ट १९६०

चि. चारूस,
अनेक आशीर्वाद.

मी माडीवर पळायचो हे खरं, पण आत्याच्या डोळ्यांना घाबरून नव्हे, तिच्या हातातल्या पळीला घाबरून. इथं अध्यक्षांच्या हातात पळी नसते, म्हणून कडाडता येतं.

फसलीचं म्हणशील तर निजामी बुडाली तेव्हाच ही भानगडही बुडायला हवी होती. हिजरी, फसली, शक, इंग्रजी, अशी चार-चार सालं एका खटल्याच्या मिसलीत. त्या वर्षी माझ्याकडे कुळांची साठ-सत्तर प्रकरणं होती. हाकीम मुलुखाबाहेरून आलेले, त्यांना उर्दू येत नव्हतं, म्हणून प्रत्येक कागदाचा तरजुमा जोडावा लागे. तो माझा मुन्शी बब्रुवान करायचा. बिचारा वारला. त्याच्या हातून काही इकडचं तिकडं झालं असेल तर आता कुणाला विचारणार? शिवाय फैसल्याला सात वर्षं झाली. अपिलाची मुदत केव्हाच उलटली. कायद्यानं पाहिलं तर ते कागद आता फडक्यातच बरे.

पण म्हणून मी माणुसकी सोडलेली नाही. अयोध्येच्या नवऱ्याला, श्रीमंतला, रस्त्याच्या कामावर लावून देतो, कायमचा. धुळाप्पाला सांग, वकीलसाहेब विसरले नाहीत. आणि तुझ्या बदलीबद्दल काल एका ठिकाणी सहज बोललो. अगदी सहज.

आत्याला माझा नमस्कार. जुन्या दफ्तरात फार हात घालू नकोस, विंचू असतात.

तुझा,
गोपाळदादा

बेंबळी, ११ सप्टेंबर १९६०

ती. गोपाळदादा यांस,
नमस्कार.

तुमचं सहज बोलणं फारच लांबवर ऐकू जातं. तीन वर्षं पेंगणारा अर्ज सतरा दिवसांत टुणकन उठून बसला. दसऱ्याआधी तुळजापूरच्या कन्याशाळेत हजर व्हायचंय. आईला कळवलं तर ती रडली. मी बदली घेते आहे. गप्प बसायचं बक्षीस म्हणून नव्हे, हे एकदा लिहून ठेवलेलं बरं.

बब्रुवानचं अक्षर मी पाहिलेलं आहे, मुंग्यांची रांग नुसती. हा तरजुमा तुमच्या हातचा आहे, दादा. ते अक्षर मी नाही ओळखणार तर कोण? माझा पहिला कित्ता तुम्हीच घालून दिला होतात. मेलेल्या माणसाच्या डोक्यावर कशाला थापता?

नोकरीचा निरोप घेऊन मी स्वतः वस्तीवर गेले. धुळाप्पा मेंढरं कातरत होता. साठीचा माणूस, माझं ऐकताना हात काही थांबले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “श्रीमंतला जाऊ द्या कामावर, त्येचं त्येनं बघावं. जमिनीचं म्या कवाच सोडलं, बाई. ज्येची व्हती त्येनं घ्येतली. पर माझा भंडारा खोटा पडला, त्येचं काय?”

मला काही कळेना. मग अयोध्येनं उलगडून सांगितलं. तहसिलीत जायच्या आधी त्यांच्या पंचांनी धुळाप्पाला विचारलं होतं, सहा वर्षं खरी का? त्यानं बिरोबाच्या देवळात भंडारा उचलून सांगितलं, खरी. हळदीची मूठ हातात घेऊन धनगर जे बोलतो, त्याच्यावर त्यांच्यात ना कागद ना हाकीम. मग निकाल आला. मी तोही वाचला. त्यात लिहिलंय, “कुळाचे तोंडी म्हणणे त्याच्याच वकिलाने दाखल केलेल्या कागदाशी जुळत नाही, सबब ते विश्वासास पात्र नाही.” कुणीतरी हौसेनं तो पंचांना वाचून दाखवला. जत्रेत देवापुढं पहिला भंडारा उधळायचा मान पिढ्यानपिढ्या याच्या घराचा, तो काढून घेतला. तेव्हापासून दर जत्रेत हा माणूस मंडपाबाहेर लिंबाखाली उभा असतो. धाकट्या लेकीच्या सोयरिकीला लोक येतात, पाणी पितात, आणि कुणाचं घर ते कळलं की उठून जातात.

“वकीलसायबाला सांगा,” तो म्हणाला, “यावं, देवापुढं भंडारा उचलावा अन् म्हणावं, चूक माझी, धुळाप्पा खरं बोलला. दुसरं काय बी न्हाय मागत.” मी म्हटलं, कागदावर लिहून देतील. तर म्हणतो, “कागदानंच तर खोटं पाडलं, बाई.”

निरोप पोचवला. उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

चारू

नागपूर, २८ नोव्हेंबर १९६०

चि. चारूस,
आशीर्वाद.

अधिवेशन यंदा नागपूरला. संत्री गोड आहेत आणि भाषणं आंबट. तुझं पत्र मुंबईहून फिरून इथं आलं, म्हणून उशीर.

धुळाप्पाचं मी मनावर घेतलं आहे, अगदी मनावर. पण चारू, एका माणसासाठी देवळात जाऊन हळद उचलणं हे लोकप्रतिनिधीचं काम नव्हे. प्रश्न तत्त्वाचा आहे. फसली तारखांच्या घोळात मराठवाड्यात अशी किती कुळं बुडाली असतील, कुणी मोजलंय? म्हणून मी एक अशासकीय विधेयक मांडतो आहे. तारखेच्या चुकीमुळं गेलेली प्रकरणं पुन्हा उघडावीत, असं. कलमं नऊ. मसुदा तीनदा लिहिला. मंजूर झालं तर एकटा धुळाप्पा नव्हे, शेकडो घरं वर येतील. त्याला एवढंच सांग की वकीलसाहेब तुझ्यासाठी कायदा करताहेत.

तुळजापूरची हवा मानवली का? आत्याची धाप कशी आहे? संत्र्यांची करंडी पाठवतो.

गोपाळदादा

तुळजापूर, १२ एप्रिल १९६१

ती. गोपाळदादा यांस,
नमस्कार.

संत्री पोचली होती. निम्मी नासकी निघाली, उरलेली आईनं आवडीनं खाल्ली.

नऊ कलमं! एक ओळ खरं बोलायचं टाळायला माणूस नऊ कलमं लिहितो, ही अक्कल वकिलाची म्हणायची की आमदाराची? राग आला तर येऊ द्या. मलाही आलाय, पण त्यातला निम्मा माझा माझ्यावरच आहे.

चैत्री पौर्णिमेला अयोध्या देवीला आली होती. देवळाच्या पायऱ्यांवर गाठ पडली. तिला घरी आणलं, आईनं पोहे केले. खाऊन झाल्यावर तिनं ताटली स्वतः धुऊन पालथी घातली आणि म्हणाली, “बाई, तुमी बी गेलाव.” बस्स, एवढंच. आई आजारी आहे असं मला म्हणता आलं असतं. आई समोरच धापा टाकत बसली होती. पण आईला पुढं करणं खोटं झालं असतं. कारण बदली घेताना मी तुम्हाला जे ठसक्यात लिहिलं होतं ते तितकंसं खरं नव्हतं. बेंबळी सुटली तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आता शनिवारी उंबऱ्याशी कुणी येऊन बसणार नाही म्हणून. फार लाज वाटली मला त्या दिवशी.

पौषातली जत्रा झाली. यंदा पंचांना दया आली आणि त्यांनी धुळाप्पाला मंडपात ये म्हटलं. तो गेला नाही. “दयेनं आत घेतलं म्हंजी खोटाच ठरलो की,” म्हणाला.

मला एकच सांगा. ही चूक तुम्हाला माझ्या पत्रानं कळली, का आधीपासून ठाऊक होती?

चारू

मुंबई, ३ सप्टेंबर १९६१

चि. चारू,

उत्तराला पाच महिने लावले. भलतंच काही लिहायचं नव्हतं, आणि खरं लिहायचं धाडस होत नव्हतं.

विधेयकाचं आधी सांगतो. शुक्रवारी दुपारी ते चर्चेला आलं. सभागृहात मोजून बावीस माणसं, त्यातली चार पेंगत होती. मी पाऊण तास बोललो. मंत्री म्हणाले, सन्माननीय सदस्यांची भावना रास्त आहे, सरकार विचार करील, त्यांनी विधेयक मागे घ्यावं. मी घेतलं. अशासकीय विधेयकांचं असंच होतं, आणि मांडतानाच मला ते ठाऊक होतं.

आता तुझा प्रश्न. होय, मला आधीपासून ठाऊक होतं.

तो तरजुमा मी सोलापूरहून हैदराबादला जाताना गाडीत केला. निवडून येऊन वर्षही झालं नव्हतं. आठवड्यातले चार दिवस सभागृह आणि दोन दिवस तहसील. मांडीवर कागद होते आणि समोरच्या बाकावर दोन सदस्य. त्यांनी माझ्या उर्दूची तारीफ चालवली होती. ती ऐकत, मान डोलवत मी पाचशे एक्क्याण्णव मिळवले आणि पुढचा कागद घेतला. साठ-सत्तर प्रकरणांत बरोबर, या एकात चूक.

निकाल हातात पडला त्याच दिवशी दफ्तरात बसून मी मूळ कौल पुन्हा पाहिला, आणि माझी चूक दिसली. अपिलाला मुदत होती, चारू. भरपूर होती. पण अपिलाचं पहिलंच वाक्य लिहावं लागलं असतं, की वकिलाकडून चूक झाली. दोन दिवस कागद पुढं घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी धुळाप्पा आला. मी त्याला म्हणालो, “धुळाप्पा, जबानी देताना तू घोळ केलास.” हे माझ्या तोंडून निघालं. तो म्हणाला, “आसंल, साहेब. आमी अडाणी.” आणि कागद फडक्यात बांधून गेला. पुढची निवडणूक मी कुळांचा वकील म्हणून जिंकली.

बब्रुवानवर ढकललं, त्याची मला शरम वाटते. त्यानं आयुष्यात माझी एक तारीख चुकवली नाही.

पण आता तूच विचार कर. फेब्रुवारीत मतदान आहे. बेंबळीकडची मतं मोलाची, नारायणराव या खेपेला माझ्या बाजूनं उभे आहेत. जत्रा मतदानाच्या महिनाभर आधी. मी देवापुढं उभा राहून ‘चुकलो’ म्हटलं की आठव्या दिवशी त्याचं पत्रक छापून घरोघर पोचेल. दहा वर्षांचं काम त्यात वाहून जाईल. निवडणूक झाली की येतो. शब्द देतो.

गोपाळदादा

तुळजापूर, २० डिसेंबर १९६१

ती. गोपाळदादा यांस,
नमस्कार.

तुमचा शब्द मी धुळाप्पाला कळवलेला नाही. निवडून आलात तर तुम्हाला सवड नसेल. पडलात तर तुमच्या कबुलीला कोण विचारतो? लोक म्हणतील, हरला म्हणून रडतोय. खरं बोलून ज्याचं काही जात नाही त्याचं खरं त्या पंचांना नको आहे.

एक मात्र सांगते. तुमचं पत्र वाचून मी तुमच्यावर चिडले नाही. बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही मला वकिलासारखं लिहिलं नाही.

जत्रा एकवीस जानेवारीला, रविवारी. मी जाणार आहे. कौल मी वाचलाय आणि तुमचं अक्षर मी ओळखलंय. बामणाच्या बाईनं भंडारा उचललेला चालतो का, हे पंचांना विचारायला निरोप धाडलाय. तुम्ही या किंवा येऊ नका.

चारू

धाराशिव, २३ जानेवारी १९६२

चि. चारू,

तू आली नाहीस. आत्याचं एकदम जास्त झालं, हे मला तिथं अयोध्येनं सांगितलं. आता कशी आहे ते उलट टपाली कळव. एका परीनं तू नव्हतीस ते बरं झालं. असतीस तर मी मागं उभा राहून तुलाच पुढं होऊ दिलं असतं. मी स्वतःला ओळखतो.

जीप वेशीबाहेर ठेवली. तरी लोकांनी ओळखलंच. हार आले, कुणीतरी घोषणा दिली. मी हार गळ्यात घालून घेतला नाही, हातात धरला, आणि मग तो कुठं ठेवावा ते कळेना. धुळाप्पा लिंबाखाली उभा होता, खांद्यावर घोंगडं. मी म्हटलं, “चल.” म्हणाला, “आदी तुमी.”

पंचांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “भाषन करनार का भंडारा उचलनार?” लोक हसले. मी परात पुढं ओढली आणि मूठ भरली. म्हणालो, “कौल एक्केचाळीसचा होता. मी बेचाळीसचा लिहिला. चूक माझी. ती मला तेव्हाच कळली आणि मी ती धुळाप्पावर घातली. धुळाप्पा खरं बोलला होता.”

कुणी टाळी वाजवली नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, “तवाच कळली व्हती?”

“तेव्हाच.”

“मंग इतकी वर्सं?”

मी तसाच मूठ धरून उभा राहिलो. शेवटी तोच म्हणाला, “टाका आता, देवावर टाका.” मी भंडारा वाहिला.

मग त्यांनी धुळाप्पाला हाक मारली. तो आत आला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. सरळ देवापुढं गेला, परातीत दोन्ही हात घातले आणि भंडारा वर उधळला. ढोल एकदम सुरू झाले. अयोध्या खांबाला धरून मोठ्यानं रडत होती. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन मी बाहेर आलो, तर जीपमधले आपले कार्यकर्ते तोंडं पाडून बसलेले.

नारायणरावांचा निरोप आज सकाळी आला. आमचं-तुमचं संपलं, म्हणाले.

गोपाळदादा

तुळजापूर, १४ मार्च १९६२

ती. गोपाळदादा यांस,
नमस्कार.

निकाल वाचला. सातशे बारा मतांनी. आई आता उठून बसते. तिला सांगितलं तर म्हणाली, “पडला का? मग आता जेवायला तरी येईल.”

विरोधकांचं पत्रक माझ्याही हाती आलं. ‘ज्यांना साल मोजता येत नाही त्यांच्या हाती पाच वर्षं देऊ नका.’ कुणी का लिहिलं असेना, लिहिणाऱ्याला लिहिता येतं.

गेल्या आठवड्यात अयोध्या गूळ-खोबरं घेऊन आली. नणंदेची सोयरीक ठरली. पोरगा वाशीकडचा, घर चांगलं आहे. मला राहवेना. विचारलं, सासऱ्यांनी मत कुणाला दिलं गं? ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग सांगितलं. श्रीमंतनंही त्यांना हेच विचारलं होतं. तर म्हणाले, “वकीलसायबाला न्हाय दिलं. माझा भंडारा खरा झाला, म्हंजी त्येंचा कागद खोटा व्हता की. खोट्याला मत द्यायचं व्हय?”

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हे पत्र चार दिवस टाकलं नव्हतं. आज टाकते.

चारू

धाराशिव, ३० ऑगस्ट १९६२

चि. चारू,
आशीर्वाद.

पुन्हा काळा कोट चढवला आहे. दोन ठिकाणी उसवला होता, शिवून घेतला.

तुझ्या मार्चच्या पत्रानं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकं बोलून, इतकं घालवून, त्या माणसानं मत दिलं नाही. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आणि पुढच्याच सोमवारी तो माझ्या दफ्तरात येऊन उभा. फडकं पुढं केलं. म्हणाला, “मत न्हाय दिलं, साहेब. पर खटला तुमीच चालवा. भंडारा खरा झाला, आता जमिनीचं बी बघू.” मी सांगितलं, मला चालवता येणार नाही, या प्रकरणात मी साक्षीदार आहे. त्याला दुसरा वकील दिला. तरुण आहे. उर्दूचं एक अक्षर येत नाही, पण तारीख तीनदा तपासतो. उशिराबद्दल माफीचा अर्ज केला, सोबत माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. काल माझी साक्ष झाली. निकाल पुढच्या महिन्यात आहे. काय होईल सांगता येत नाही.

इतकी वर्षं ज्या पिंजऱ्यासमोर उभा राहून मी लोकांना घाम फोडला, त्यात काल स्वतः चढलो. नारायणरावांच्या वकिलानं विचारलं, “त्रेपन्न साली तुम्ही कोर्टापुढं ठेवलेला तरजुमा चुकीचा होता?”

“होय.”

“हे कळूनही आजवर कोर्टाला सांगितलं नाहीत?”

“नाही सांगितलं.”

“उलट तुमच्या पक्षकारालाच दोष दिलात?”

“होय.”

“आणि आता निवडणूक हरल्यावर नारायणरावांवर राग काढायला आलात?”

“नाही.”

तो हाकिमांकडं वळला. म्हणाला, “हा साक्षीदार स्वतःच सांगतोय की तो इतकी वर्षं खोटं वागला. आज तो खरं बोलतोय, हे कशावरून मानायचं?”

प्रश्न बरोबर होता. त्याच्या जागी मीही तोच विचारला असता. समोर सगळे माझे बरोबरीचे वकील, काही माझ्या हाताखाली शिकलेले. मी कठड्याला धरून उभा राहिलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून धुळाप्पा उठला. “म्या सांगतो, साहेब. आज ते खरं बोलत्यात.”

शिपायानं खाली बस म्हणून दरडावलं. तो बसला नाही.

“म्या त्येंचं खोटं ऐकलंय,” म्हणाला. “मला फरक कळतो.”

हाकिमांनी ते नोंदवून घेतलं नाही.

तुझा,
गोपाळदादा